आडवं व्हायचं बटण

ताम्पेरेत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमची खोली.
तीन माणसं, दोन हीटर,
त्यातला एक नुसताच आवाज करतो.
तुओवी चित्रं काढते, इल्मारी आवाज भरतो,
मी कोडी रचते. म्हणजे कुलपं आधी,
किल्ल्या मागाहून,
आणि किल्ली कुठे ठेवली
ते कधीकधी मलाच आठवत नाही.

आमच्या खेळातल्या पोराचं डोकं म्हणजे कोटाचं बटण.
चार भोकं : दोन डोळे, दोन उगाच.
नाव नप्पी.
तो शिरतो एका घरात, जिथे
खोलीगणिक एकेक भीती भाड्याने राहते.

फोनची भीती ही कोंबडी.
अंड्यावर बसते, अंडं वाजतं,
आणि मान वाकडी करून ती विचारते :

    दार नाही, कडी नाही, तरी आत कोण?
    बोलायला जीभ नाही, ओरडायला दोन.

उत्तर द्यायचंच नसतं.
अंडं कानाला लावून ‘हॅलो’ म्हणायचं.
कोंबडी लाजते, सरकते, वाट देते.

अंधाराची भीती म्हणजे एकटा लोकरी मोजा.
त्याला अहोजाहो करावं लागतं.
अरेतुरे केलंत तर
दिवे घालवतो आणि रुसून बसतो.

नोव्हेंबर. तीनलाच मावळलेलं.
खेळ तपासायला तुओवीचा मामा आला, आर्मास,
अठ्ठ्याहत्तरचा, जन्मभर ओंडक्यांचे ट्रक हाकलेला.
त्याच्या पंजात कंट्रोलर म्हणजे चहाबरोबरचं बिस्किट.
‘याला लायसन लागतं का?’
कोंबडीला तो हसला.
मोज्याला टोपी काढून विचारलं, ‘आपण मूळचे कुठले?’
(टोपी खरी. स्वतःची.)

मग पाचवी खोली. खोलीत अख्खं तळं,
गोठलेलं. पलीकडे घंटा.
माझ्या वहीत उत्तर होतं : बर्फ ऐका.
गातो तिथे पातळ,
गप्प तिथे पाय टाका.

आर्मास बसून राहिला.
काठावर नप्पी उगाचची दोन भोकं खाजवत उभा.
दहा मिनिटं. वीस.
मी लिहिलं : पाचवं कोडं अवघड जातंय, इशारा वाढवा.

तेव्हा तो म्हणाला, ‘याला आडवं कसं करायचं?’
आडवं?
‘पोटावर. हात पसरून.
बर्फ बोलायला लागला की
उभं राहायचं नसतं.’
आणि जरा थांबून,
‘पेन्ती उभा राहिला.’

कोण पेन्ती, कुणी विचारलं नाही.
तुओवीच्या आईच्या अल्बममध्ये मामा एकच आहे.
बिघडलेला हीटर तेवढा बोलत राहिला.

कंट्रोलरवर बटण शिल्लक नव्हतं.
मी उडी काढली.
त्या उडीवर चार आठवडे घातले होते मी,
गुडघे वाकतात तो एक क्षण
माझा फार लाडका होता.
गेली.

गुरुवारी तो परत आला.
नप्पी पोटावर झोपला, हात पसरले,
खालून इल्मारीचा बर्फ गाऊ लागला,
फेब्रुवारीतल्या रात्री खऱ्या तळ्यावर
माईक टेकवून आणलेला.
वीत वीत सरकत मामा पलीकडे पोचला.
घंटा हाताशी.

वाजवली नाही.
नप्पीला वळवून तो पुन्हा तळ्याच्या मध्यावर गेला
आणि तिथे पडून राहिला.
मध्यावर आम्ही काहीच ठेवलं नव्हतं,
ना नाणं, ना किल्ली.
पडदा काळवंडला की अंगठा जरा हलवायचा,
उजळला की पुन्हा स्वस्थ.
खाली दुकानात कुणीतरी
चाक गरगरवून तारा तपासत होतं.

तुओवी हळूच म्हणाली, इथे काही काढू का मी?
मी मान हलवली. नको.

सहाला तो उठला.
वहीत रकाना होता : सुटलं / नाही सुटलं.
पेन्सिल माझ्या हातात तशीच.

दारात बूट चढवताना, वाकलेलाच, म्हणाला,
‘तो मोजा. भला गृहस्थ आहे.
त्याचा जोडीदार कुठे ठेवलात?’

मी वही चाळली. पुन्हा चाळली.
कुठेच ठेवला नव्हता.